टेबलाखालचं पॉलिश

साडूंनी आपल्या गॅरेजात भुसा ओढायचं यंत्र बसवलंय, ही बातमी गुण्याकाकांना काकूंकडून कळली आणि त्यांचं डोकं सणकलं. सणकायला कारण काय, हे कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यामुळे ते जरा जास्तच सणकलं.

या माणसाला गुण्याकाका का म्हणतात ते आधी सांगायला हवं. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. एक पट्टी उभी, एक आडवी, संपला विषय. काका कोणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी दाराची चौकट न्याहाळायचे आणि ती कुठे कलली आहे हे यजमानाला, त्याने विचारलेलं नसताना, सांगायचे. खिशात वीतभर लांबीचा गुण्या असायचाच. पुतण्या-भाच्यांनी चिडवायला ठेवलेलं हे नाव त्यांना मनातून आवडायचं. नोकरीत ते ड्राफ्ट्समन होते. सगळा जन्म सरळ रेघा मारण्यात गेला, आणि घरी आले की घरामागच्या शेडमध्ये लाकूडकाम. नातेवाइकांत असं एकही घर नसेल जिथे त्यांच्या हातचं स्टूल, फडताळ नाहीतर पलंग नाही. त्यांची खुर्ची कधी डुगडुगली नाही. हे काम आपल्या गोतावळ्यात फक्त आपल्यालाच येतं, असं ते तोंडाने म्हणत नसत, पण वागण्यातून ते ठिबकत असायचं.

आणि मग धाकट्या साडूंना लाकूडकामाचा झटका आला. हे साडू म्हणजे काकूंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचं चष्म्यांचं दुकान. जन्मभर काचा पुसल्या, मग दुकान मुलाच्या गळ्यात घातलं आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून हे सुतार झाले. काकांनी सुरुवातीला मोठ्या मनाने लाकूड कोरायच्या दोन पटाश्याही भेट दिल्या होत्या. साडूंनी बनवलेलं पहिलं स्टूल तीन पायांवर उभं राहायचं आणि चौथा पाय हवेत. काका त्या दिवशी पोट धरधरून हसले, आणि जेवणही त्यांना दोन घास जास्त गेलं. आपल्यापेक्षा वाईट काम करणारा एखादा माणूस जवळच्या नात्यात असला की जीवाला फार बरं वाटतं, हे काकांनी कधी कबूल केलं नसतं, पण खरं होतं.

त्याच माणसाने आता यंत्र बसवलं होतं, आणि ते बघायला सगळ्यांना घरी बोलावलं होतं. न जावं तर जळतोय म्हणतील. म्हणून काका गेले.

गॅरेजात पाय ठेवल्याबरोबर काकांनी नाक वर केलं. लाकडाचा वास होता, भुशाचा नव्हता. जमीन अशी की खाली पडलेला खिळा लांबून दिसावा. छतालगत जाड पाइप गेले होते, प्रत्येक मशीनपाशी त्यांची एकेक फांदी खाली उतरली होती, फांदीला सरकती झडप होती. कोपऱ्यात पत्र्याचं भलंमोठं नरसाळं. भुसा त्यात गरगर फिरून खालच्या पिंपात पडायचा आणि उरलेली हवा भिंतीतल्या भोकातून बाहेर जायची. पाइप कुठेही एकदम वळत नव्हते. लांबलचक बाक घेत, आरामात वळत होते. काकांना तेवढं एक सापडलं. सरळ भिंत समोर असताना पाइपाला ही नागमोडी चाल कशाला, असं ते पुटपुटले.

साडूंनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी मूठभर भुसा जमिनीवर टाकला, बटण दाबलं, झडप उघडली आणि भुसा सुर्रकन नाहीसा झाला. नातवंडांनी टाळ्या पिटल्या. काकूंची धाकटी बहीण म्हणाली की आता घरभर भुशाची पावलं उमटत नाहीत, तेव्हा यांचे सगळे गुन्हे माफ. काकूही हसल्या. त्या हसण्यात कौतुक होतं. काकांना ते कौतुक ओळखीचं वाटलं, आणि आपल्या वाट्याला ते शेवटचं कधी आलं होतं हे काही त्यांना आठवेना.

काकांना हेवा वाटला. भल्या माणसालाही वाटतो, आणि काका काही फार भले नव्हते. अशा वेळी त्यांचा एक हमखास उतारा होता. लोक चहाकडे वळले तसा त्यांनी खिशातून गुण्या काढला आणि कोपऱ्यातल्या एका छोट्या टेबलाला लावला. कोन चुकलेला होता. सांध्यातल्या फटी भुसा आणि डिंक भरून बुजवल्या होत्या. एक पाय तर बिचारा बाहेरच्या बाजूला पळून जायच्या बेतात होता. काकांना गार वाटलं. यंत्र काय, कोणीही आणतं. हात कुठून आणणार?

मग त्यांनी टेबलावरून तळवा फिरवला आणि तळवा थांबला. पॉलिश फार सुंदर होतं. नुसतं चकाकणारं नव्हे. लाकडाच्या रेषा आतून उजळल्यासारख्या दिसत होत्या, आणि बोटाला कुठे कणभरही खरखर लागत नव्हती. साडूंना हे जमणं शक्य नव्हतं. काकांनी हात टेबलाच्या खाली घातला.

खालची बाजूही तशीच गुळगुळीत होती.

टेबलाच्या पोटाला कोणी पॉलिश करत नाही. धंद्यातला पॉलिशवाला तर मुळीच नाही, दिसत नाही तिथे तो फडकं कशाला फिरवील? असं करणारी एकच व्यक्ती काकांना माहीत होती. इतकी वर्षं त्यांच्या शेडमधून बाहेर पडलेल्या प्रत्येक वस्तूवर शेवटचा हात काकूंचा असायचा, आणि काकू खालची बाजूही तितक्याच मन लावून करायच्या. माणूस टेबलाशी बसला की त्याची बोटं आपसूक खाली जातात, तिथे त्याला खरखरीत लागू नये, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं. मग एके दिवशी त्या म्हणाल्या, आता मला शेडमध्ये जमत नाही, धूळ फार असते. काका बरं म्हणाले. वय झालं, छाती नाजूक झाली असेल, असं ते धरून चालले आणि नंतरच्या वस्तू त्यांनी बाहेरच्या पॉलिशवाल्याकडे टाकल्या. पुन्हा विचारलं नाही.

आणि इथे, साडूच्या वेड्यावाकड्या टेबलाखाली, त्यांना आपल्या बायकोचा हात सापडला होता. आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या खिशातून निघावी, तसं त्यांना झालं. चहा समोर आला तो त्यांनी तसाच ठेवला.

परतताना अर्धा रस्ता संपला. शेवटी काकांनी समोरच्या रस्त्याकडे बघत विचारलं, "त्या छोट्या टेबलाला पॉलिश कोणी केलं?"

"मी," काकू म्हणाल्या. दाराला कुलूप लावलं का विचारल्यावर हो म्हणावं, इतक्या सहज.

काकांना वाटलं होतं, निदान थोडं अडखळतील. ते म्हणाले, मला कधी बोलली नाहीस. काकू म्हणाल्या, तुम्ही कधी विचारलं नाहीत. बुधवारी आणि शनिवारी मी जाते कुठे, असं एकदा तरी विचारायचं होतं. काका म्हणाले, बहिणीकडे जातेस. काकू म्हणाल्या, बहिणीकडेच जाते. यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच काकांना झोंबलं.

"आपल्याकडे जमत नाही म्हणाली होतीस."

"तिथे धूळ नसते," काकू म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

हे तीन शब्द काकांनी घट्ट धरून ठेवले. धूळ नसते. म्हणजे सगळा खेळ त्या पत्र्याच्या नरसाळ्याचा. म्हणजे माणसाचा प्रश्नच नाही, प्रश्न यंत्राचा आहे, आणि यंत्राच्या बाबतीत गुण्याकाका चष्मेवाल्याला हार जाणारे नव्हते.

त्यात लेकीचा फोन आला. तिने नवीन घर घेतलं होतं आणि खिडकीपाशी ठेवायला लिहिण्याचं टेबल हवं होतं. टेबल बाबांचं आणि पॉलिश आईचं, असं तिने आधीच बजावून ठेवलं. काका खूश. तेवढ्यात काकू शेजारून म्हणाल्या, करते की, झालं की भावोजींकडे नेऊन टाका म्हणजे झालं. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. आपलं टेबल, आपल्या लेकीचं, आणि ते वाहून न्यायचं कोणाकडे? तर ज्याला रंध्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली हे परवापरवा कळलं त्याच्याकडे. फोन ठेवल्यावर त्यांनी जाहीर केलं की टेबल याच घरातून पॉलिश होऊन बाहेर पडेल आणि ते तूच करशील. आधी शेड कशी होते ते बघ. काकू म्हणाल्या, बघते.

काकांनी ड्रॉइंग काढायला घेतलं. किती वर्षांनी त्यांच्या हाताला असं काम मिळालं होतं. छताला समांतर मुख्य पाइप, त्याला काटकोनात फांद्या, फांद्यांना काटकोनात उतार. कागदावर ते इतकं देखणं दिसत होतं की चौकट करून भिंतीला लावावं. पाइपवाल्या दुकानदाराने विचारलं, एवढे कोपरे घेताय, लांब बाकाचे तुकडे देऊ का? काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने कोपरे मोजायला गेला. नागमोडी पाइप त्यांच्या साडूंकडे होते. त्यांच्याकडे गुण्या होता.

पाइप बसले, मोटार बसली, बटण दाबलं. मोटारीजवळचं मशीन झकास ओढायला लागलं. पण लांबच्या टोकाला, जिथे मोठी करवत होती आणि खरा भुसा व्हायचा, तिथे झडप उघडल्यावर गरम चहावर फुंकर मारावी इतपतच ओढ येत होती. वाऱ्याला प्रत्येक कोपऱ्यात ठेच लागत होती, दुसरं काही नाही. काका शिडीवर चढून प्रत्येक सांधा तपासून आले. सगळे काटकोन बिनचूक होते. ड्रॉइंग चुकणं शक्य नव्हतं, त्याअर्थी मोटार कमजोर होती. त्यांनी ती परत केली आणि दांडगी मोटार आणली.

मधेच साडूंचा फोन आला. धाकटीकडून त्यांना कळलं असणार. बाक लांब घ्या साडूभाऊ, हवेला कोपरा मानवत नाही, असं ते म्हणाले, आणि पिशवीचं कापड जपून निवडा, दिसतो तो भुसा गरीब असतो, न दिसणारा छळतो. मनापासून सांगत होते. काकांना त्यातला शब्द न् शब्द मिरवणं वाटला. बघतो, म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग मुद्दाम, केवळ साडूंनी जपून निवडा म्हटलं म्हणून, त्यांनी सोफ्याचं जाड कापड घेतलं आणि त्याची माणसाच्या उंचीची पिशवी शिवून घेतली. मोटार भुसा ओढून या पिशवीत ढकलणार, हवा कापडातून गाळली जाऊन शेडमध्येच परत येणार. भिंतीला भोक पाडायची गरज नाही. साडूंनी उगीच भिंत फोडली, असंही ते काकूंना ऐकवून आले.

नव्या मोटारीचा आवाज असा होता की कानांवर जाड कानबंद लावल्याखेरीज उभं राहवत नसे. कानबंद काकांना नवे नव्हते. करवत सुरू करताना ते नेहमीच लावायचे. पण ओढ आता जोरदार होती. करवतीपाशी एक ढलपी राहत नव्हती. जमीन लखलखीत. रोज सकाळी मात्र सगळ्या वस्तूंवर पिठासारखा एक पातळ थर दिसायचा. छताच्या वाशांवरची जुनी धूळ गळत असेल म्हणून काका तो पुसून टाकायचे आणि विसरून जायचे.

दरम्यान बुधवार येत होते आणि शनिवार येत होते. काकू पिशवी घेऊन निघाल्या की काका शेडच्या खिडकीतून बघत. एकदा पिशवीतून कापडाचा कोपरा बाहेर लोंबत होता, तो त्यांनी ओळखला. तो त्यांचाच जुना चौकड्यांचा सदरा होता, पॉलिशच्या डागांनी कडक झालेला. पूर्वी काकू तो घालूनच शेडमध्ये काम करायच्या. म्हणजे आता तोही तिकडे जात होता. सदऱ्याचासुद्धा हेवा करावा असे दिवस आले, असं काकांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. लाज काही फार टिकली नाही.

टेबल तयार झालं तेव्हा काकांना स्वतःलाच त्याच्यावरून नजर काढवेना. सांध्यात नख शिरत नव्हतं. ड्रॉवर बोटाच्या टोकाने ढकलला की सावकाश आत जाऊन बंद व्हायचा. फक्त त्याचा तळ बसवायचा राहिला होता, त्याची फळी कापायची होती. त्यांनी शेड पुसून काढली, खिडकीची काच धुतली आणि काकूंना बोलावलं.

काकू आल्या. दारातच थांबून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. "स्वच्छ केलंत हो," त्या म्हणाल्या.

काकांना इतकं बरं वाटलं की ते उगाचच पाइपांची माहिती देत सुटले. कुठली फांदी कुठे, मोटार केवढी, झडप कशी. काकू हं म्हणत होत्या. त्यांनी टेबल ओल्या फडक्याने पुसलं, वाळू दिलं, मग पॉलिशच्या वाटीत फडक्याचा बोळा बुडवून पिळला आणि कामाला लागल्या. आधी खाली वाकून टेबलाचं पोट, मग पाय, मग वरची बाजू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबच लांब हात. काका जवळ उभे राहून बघत होते आणि बोलत होते. किती दिवसांनी ही बाई या शेडमध्ये होती. लाकूड तिच्या हाताखाली जागं होत चाललं होतं. काकांच्या मनात आलं की आता साडूला सांगेन, बुधवार गेला तुमचा, शनिवारही गेला.

वरची बाजू झाली. टेबल ओलं, काळसर, काचेसारखं दिसत होतं. आता चिकटपणा जाईपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही, असं सांगून काकू स्टुलावर टेकल्या.

काकांना राहवेना. इतका वेळ सगळं तोंडी चाललं होतं, यंत्र चालू झालेलं तिने पाहिलंच नव्हतं. साडूने तिला मूठभर भुसा टाकून दाखवला होता. आपण अख्खी करवत चालवून दाखवू, एक कण उडणार नाही. ड्रॉवरच्या तळाची फळी कापायचीच होती. दोन काप फक्त, असं ते म्हणाले. काकू काहीतरी म्हणाल्या, पण तोवर काकांनी कानबंद चढवले होते. मोटार गर्जली, करवत फिरली, फळी सरळ कापली गेली. करवतीवर खरंच एक कण नव्हता. काका विजयी मुद्रेने वळले.

काकू करवतीकडे बघत नव्हत्या. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती आणि त्या तिरपेत पीठ उभं होतं. इतकं बारीक की सावलीत दिसूच नये. फुगलेली पिशवी दांडग्या मोटारीच्या जोराने कापडाच्या प्रत्येक विणीतून ते बाहेर सोडत होती. सावकाश, अगदी निवांत, ते ओल्या टेबलावर उतरत होतं. आत काय ओढलं जातं ते काकांनी मोजलं होतं. परत काय सोडलं जातं ते मोजायचं राहून गेलं होतं.

त्यांनी सगळं बंद केलं आणि कानबंद काढले. काकूंनी टेबलाच्या कडेला एक बोट लावून पाहिलं, मग बोळा वाटीत ठेवून दिला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

काका बोलत सुटले. पिशवी बदलतो. कोपरे काढून बाक घालतो. भिंतीला भोक पाडतो, त्यांच्यासारखं नरसाळं बसवतो, त्यांच्यापेक्षा मोठं. शेवटी इतके दिवस पोटात दाबून ठेवलेलं बाहेर पडलंच.

"त्याच्याकडे असं काय आहे गं, जे माझ्याकडे नाही?"

काकूंनी हात फडक्याला पुसले. "भावोजींचं यंत्र आत्ता आत्ता बसलं," त्या म्हणाल्या. "मी वर्षभर जातेय."

काकांना पटकन अर्थबोध झाला नाही. मग झाला. "तू म्हणालीस तिथे धूळ नसते."

"नसतेच. मी फडकं हातात घेतलं की ते सगळी मशीनं बंद करतात. बाहेर पायरीवर जाऊन बसतात. मी हाक मारेपर्यंत आत येत नाहीत."

"एवढंच होतं तर मला सांगायचंस."

"सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "कितीदा तरी. आत्ताही सांगितलं. तुमच्या कानांवर ते असतं."

हातातले कानबंद कुठे ठेवावेत ते काकांना कळेना. खिळ्यावर अडकवावेत तर ते मुद्दाम केल्यासारखं दिसेल, म्हणून ते तसेच हातात धरून उभे राहिले.

थर पूर्ण वाळल्यावर काकूंनी बारीक पॉलिश पेपरने टेबल घासून सगळं पॉलिश उतरवलं. काका मदतीला गेले तर राहू द्या म्हणाल्या. काम संपल्यावर हात पुसत त्या म्हणाल्या, उचला, गाडीत ठेवू. कुठे न्यायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. त्यांनी पाय बांधले, टेबलावर चादर टाकली, आणि आपलं टेबल, आपल्या लेकीचं, स्वतःच्या हातांनी साडूच्या गॅरेजात नेऊन उतरवलं.

साडूंनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, हे तर फारच वाईट झालं. निदान एक टोमणा मारला असता तर काकांनाही चार शब्द सुनावता आले असते. त्यांनी चादर काढली, ड्रॉवर ओढून पाहिला, गुडघ्यांवर बसून सांधे पाहिले, चष्मा वर करून पुन्हा पाहिले. "असं काम मला या जन्मी जमायचं नाही, साडूभाऊ," ते म्हणाले. हेच वाक्य ऐकायला काका दोन वर्षं टपून बसले होते. आज ते कानाशी येऊन तसंच परत गेलं.

काकूंनी वाटी आणि फडकं बाहेर काढलं मात्र, साडू उठले. मशीनचं बटण बंद केलं, यंत्राचं बंद केलं, भिंतीवरचा पंखासुद्धा बंद केला आणि काकांना चला म्हणाले. काका रेंगाळले. आपल्याला बाहेर जायला सांगण्याचा याला काय अधिकार, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. त्या वाकून टेबलाचं पोट बघत होत्या. काका बाहेर आले आणि साडूंनी हलक्या हाताने दार लोटलं.

पायरी अरुंद होती. साडू दाराच्या बाजूला बसले, ती त्यांची रोजची जागा असावी, तिथे एक जुनी उशीसुद्धा होती. काका दुसऱ्या टोकाला टेकले. समोरून एक सायकल गेली. कोणी कपडे वाळत घालत होतं.

मग आतून आवाज यायला लागला. बारीक, एकसुरी, मधेच चढणारा. काकांना वाटलं, कुठलं तरी मशीन बंद करायचं राहिलं, आणि एवढी तरी चूक साडूची निघाली म्हणून त्यांना बरं वाटायला लागलं. त्यांनी कान दिला. मशीन नव्हतं. काकू गुणगुणत होत्या. शब्द नव्हते, नुसती चाल, हात लांब गेला की चालही लांबत होती आणि फडकं बुडवायला थांबल्या की थांबत होती. काकांनी ती कधी ऐकली नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, शेडमध्ये दोघांनी इतकी वर्षं काढली, आणि आपली बायको गुणगुणते हे त्यांना माहीत नव्हतं. या माणसाला माहीत होतं. आठवड्यातून दोनदा, उशीवर बसून, वर्षभर.

साडू दाराकडे मान करून हसले. "पॉलिश करताना ताईंचं असंच असतं," ते म्हणाले. "तुम्हाला काय सांगायचं म्हणा. तुम्ही जन्मभर ऐकलंय."

"हो," काका म्हणाले. "ऐकलंय." आणि पुढचं नीट ऐकू यावं म्हणून ते श्वास धरून बसले.